बरं झाल्यानंतरचं वय

लहान मुलांच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुधा उपचार संपतात तिथंच थांबतं. डॉक्टर पाठ थोपटतात, आई डोळे पुसते, पेढे वाटले जातात. ‘श्वास’ हा 2004 सालचा चित्रपट आठवत असेल. डोळ्याच्या कर्करोगापायी दृष्टी गमावणारा कोकणातला छोटा परशुराम आणि त्याचे आजोबा. शेवटी काळा चष्मा लावून पोरगा होडीतून घरी येतो. सगळं थिएटर नाक ओढत होतं. मला मात्र बाहेर पडताना एकच विचार छळत होता. हा मुलगा पंधरा वर्षांचा होईल तेव्हा काय?

हा प्रश्न पडणं हीसुद्धा तशी नवी चैन आहे. 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना औषधानं काही महिन्यांचं आयुष्य मिळवून दिलं, तेव्हा तेवढंच आक्रीत वाटलं होतं. (ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठं वाचल्याचं मला आठवत नाही.) आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार खाली आहे. 2030 पर्यंत जगभर निदान 60 टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली ठेवलं. म्हणजे बरी झालेली मुलं यापुढं वाढतच जाणार. ती कॉलेजात येणार, नोकऱ्या मागणार, प्रेमात पडणार.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं हे लवकर ओळखलं. 1991 साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं तिथं उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं. आजार परतलाय का, एवढंच तिथं पाहत नाहीत. काही औषधांनी पुढं हृदय अशक्त होतं, काहींनी ऐकू कमी येतं, काहींचा परिणाम मूल होण्यावर होतो. डोक्याला किरणोपचार दिलेल्या मुलांना स्मरणशक्ती आणि गणित जड जाऊ शकतं. घरचे म्हणतात, ‘अभ्यासात लक्षच नाही.’ लक्ष असतं हो. पोर मनातल्या मनात झगडत असतं.

नोकरीच्या काळात तीन वर्षं मी तुमसर भागातल्या एका शाखेत होतो. बपेऱ्याचा एक शेतकरी आमचा पीककर्जाचा खातेदार होता. पुढं मी बदलून गेलो, निवृत्तही झालो, पण ओळख टिकली. बपेरा म्हणजे महाराष्ट्राचं टोक. बावनथडीवरचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. या माणसाच्या धाकट्या मुलाला नवव्या वर्षी रक्ताचा कर्करोग निघाला. तुमसर रोडहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ, अशा वाऱ्या तीन वर्षं चालल्या. मुलगा बरा झाला.

तो सोळा वर्षांचा असताना मी त्या घरी दोन दिवस राहिलो. अंगानं सडपातळ, पण ठणठणीत. धानाची रोवणी चालू होती. घरातलं प्रत्येक माणूस चिखलात, हा बांधावर छत्री घेऊन उभा. कबड्डीत त्याला कुणी धरत नाही. परीक्षेत कमी गुण पडले तर गुरुजी म्हणतात, ‘राहू दे बाळ.’ संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘मले कोनी रागावतच नाई, साहेब. बाकी पोराईले रागावते.’

इतकी वर्षं माणसं वाचण्याचा धंदा केला, पण तक्रार म्हणून असलं वाक्य मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

या विषयावर जगात जो अभ्यास झाला आहे, त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, बरी झालेली बहुतेक मुलं मनानं बऱ्यापैकी सावरतात. काहींच्या मनात मात्र भीती घर करून राहते. 1981 साली दोन अमेरिकी संशोधकांनी या अवस्थेला डॅमोक्लिसचं नाव दिलं. ग्रीक कथेतला हा माणूस मेजवानीला बसतो आणि डोक्यावर एका केसाला टांगलेली तलवार असते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आजाराचा धसका मुलांपेक्षा आईबापांच्या मनात जास्त खोल बसलेला आढळतो. बपेऱ्याच्या त्या माउलीचा हात रोज रात्री झोपलेल्या पोराच्या कपाळावर जातो. पोरगा जागाच असतो. डोळे मिटून पडून राहतो, तिला बरं वाटावं म्हणून.

आणि त्या घरात ‘कॅन्सर’ हा शब्द नाही. ‘मोठी बिमारी’ म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. मुलगा आहे म्हणून इतकं तरी. मुलगी असती तर गावालाही कळू दिलं नसतं. उद्या सोयरीक कशी जमणार? ही भीती खोटी नाही, म्हणून आईबापांना दोष द्यायला मी धजत नाही. पण लपवाछपवीची किंमत मुलं मोजतात. आपल्या अंगावर घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट कुणाला सांगायची नाही, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकलेलं पोर पुढं दुसरं काय मोकळेपणानं सांगणार? 2009 साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं मुंबईत ‘उगम’ नावाचा गट उभा राहिला. बालपणी कर्करोगातून बरे झालेले तरुणच तो चालवतात. उपचार चालू असलेल्या पोरापुढं असा धडधाकट तरुण येऊन ‘मलाही झाला होता’ म्हणतो, तेव्हा डॉक्टरांच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा ते जास्त काम करतं. पण बपेऱ्यात उगम नाही. तुमसरलाही नाही.

निघताना मी बापाला एवढंच म्हणालो, ‘भाऊ, फाइल त्याच्या हाती द्या.’ बँकेत सज्ञान झालेल्या मुलाचं खातं पालकाच्या सहीवर चालत नाही, तसाच काहीसा माझा हिशेब. कोणती औषधं किती दिली, हे त्या फाइलमध्ये असतं. पुढं तिशी-चाळिशीत कुठल्याही डॉक्टरपुढं बसताना ते त्यालाच सांगावं लागणार. बाप बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘अजून लहान आहे, साहेब.’

फाइल धानाच्या कोठीमागच्या पेटीत होती, कुलपात. परवा, दोन वर्षांनी, मुलाचा फोन आला. पेटी त्यानंच उघडून घेतली होती. इंग्रजी अक्षरं एकेक लावून तो मला औषधांची नावं वाचून दाखवत होता आणि मधूनमधून विचारत होता, ‘याचा अर्थ काय, साहेब?’ पुढच्या तपासणीला एकटाच जाणार म्हणाला. आई पूर्ण आठवडा बोललेली नाही.