जागेवर मिटवलेला अपघात आणि विम्याचा क्लेम

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नळ स्टॉपला किंवा हडपसरच्या गाडीतळावर दोन गाड्या एकमेकींना लागल्या की आधी आवाज चढतात आणि मग कोणीतरी मध्ये पडून म्हणतो, "जाऊ द्या हो, जागेवर मिटवा." दोन-तीन हजार हातावर टेकवले जातात आणि एकमेकांचे नावही न विचारता दोघे आपापल्या वाटेने निघतात. पोलिसांत नोंद होत नाही, विमा कंपनीलाही कोणी कळवत नाही. आठवड्याने वर्कशॉपचे एस्टिमेट हातात पडते, नाहीतर दुचाकीवाल्याच्या नातेवाइकाचा फोन येतो. मग सल्ले सुरू होतात. "आता क्लेम विसर." "तारीख बदलून टाक." "ड्रायव्हर दुसरा दाखव." यातला पहिला सल्ला अर्धवट आहे आणि उरलेले दोन घातक आहेत.

"चोवीस तास उलटले, आता काही मिळत नाही"

चोवीस तासांची अट मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १३४मधली आहे. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि जागेवर पोलिस नसतील, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन माहिती द्यायची असते. जखमीला उपचार मिळवून देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे हीसुद्धा त्याच कलमातली कर्तव्ये आहेत. ती टाळली तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जमाव अंगावर येईल या भीतीने अनेक जण थांबत नाहीत. ती भीती कायद्यालाही ठाऊक आहे. जमावाच्या क्षोभामुळे जखमीला मदत करणे शक्य नसेल तर त्या कर्तव्यातून सूट आहे. मात्र मग थेट पोलिस ठाणे गाठून ते कारण सांगावे लागते. घरी जाऊन गप्प बसण्याची सूट कोणालाच नाही.

विमा कंपनीशी असलेला करार ही वेगळी गोष्ट आहे. पॉलिसीत 'अपघात होताच तात्काळ लेखी कळवा' अशी अट असते. उशीर झाला म्हणजे क्लेम आपोआप मेला, असे मात्र नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले की टाळता न येणाऱ्या कारणाने उशीर झाला असेल, तर केवळ उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम नाकारू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल आणि २०२०मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल या निकालांत हीच दिशा धरली. पण हे निकाल सरसकट ढाल म्हणून पुढे करू नयेत. दोन्ही प्रकरणे वाहनचोरीची होती आणि दुसऱ्यात मालकाने पोलिसांना लगेच कळवले होते, उशीर झाला होता तो फक्त कंपनीला कळवण्यात. रुग्णालयात होतो, घरात मृत्यू झाला, अशी कारणे कागदानिशी पटतात. "कंटाळा केला" हे कारण पटत नाही.

"पैसे देऊन मिटवले, विषय संपला"

पुण्यातल्या सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वात धोक्याचा वाटतो. समजा, तुमच्या गाडीचा धक्का लागून दुचाकीस्वार पडला. उठला, कपडे झटकले, "काही झालं नाही" म्हणाला आणि हजार रुपये घेऊन गेला. रात्री गुडघा सुजला आणि एक्स-रेत हाड मोडल्याचे निघाले. त्याच्याकडे तुमच्या गाडीचा नंबर आहे. आता तो तक्रार देईल, त्यात तुम्ही न थांबता पळालात असेही लिहिले जाईल आणि तुम्ही थांबला होता याचा एकही कागद तुमच्याकडे नसेल. रस्त्यावर घेतलेल्या हजार रुपयांनी त्याचा भरपाईचा हक्क संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्याकडे शिवाजीनगरच्या न्यायालयात, तो अर्ज करू शकतो.

दुसरी बाजू पॉलिसीतच छापलेली असते, पण ती कोणी वाचत नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये, पैसे देऊ नयेत, अशी अट गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत असते. जागेवर मिटवताना आपण नेमक्या याच गोष्टी करतो. माणुसकीने जखमीला दवाखान्यात नेणे यात येत नाही, ते करायलाच हवे. पण "चूक माझी, सगळा खर्च मी देतो" असे लिहून देऊ नका. खरचटण्यापलीकडे काहीही असेल तर ११२ला फोन करा, जखमीसाठी १०८ आहे.

नोंदीचा फायदा जखमीलाही होतो. मे २०२५पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू आहे. त्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. पण अपघात झाल्याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते. अपघात दडवला तर ही मदतही अडते.

"तारीख बदलू, चालक बदलू"

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर गाडी दुसराच कोणी चालवत होता असे भासवण्याचा प्रयत्न झाल्याचे पोलिसांनी सांगितले आणि त्याबद्दल स्वतंत्र गुन्हा नोंदवला. अपघाताची माहिती वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल येरवडा पोलिस ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. ते प्रकरण टोकाचे होते. पण परवाना नसलेल्या मुलाच्या जागी वडिलांचे नाव टाकण्याची बुद्धी क्लेम फॉर्म भरताना अनेक सभ्य घरांतही होते. ती फसवणूकच आहे.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाडी पुष्कळ काही सांगते. ओरखड्यात धरलेला गंज, चेपलेल्या भागात बसलेली धूळ, धडकेची उंची, समोरच्या गाडीचा चिकटलेला रंग. कालची म्हणून सांगितलेली महिन्यापूर्वीची ठोकर यात उघडी पडते. फास्टॅगची नोंद, सोसायटीचा सीसीटीव्ही आणि मोबाइल हे आणखी साक्षीदार. उशिरा सांगितलेले खरे वाचू शकते, खोटे मात्र उघडे पडले की संपूर्ण क्लेम बुडवते. परवाना नसेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम जाईल, हे खरे. पण तिसऱ्या व्यक्तीचे तसे नाही. स्वरण सिंग खटल्यात २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तत्त्वांनुसार कंपनीला आधी पीडिताला भरपाई द्यायला सांगून नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देता येते. म्हणजे लपवून पीडिताचे नुकसान आणि सांगून मालकाच्या खिशाला कात्री. यातले काय निवडावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"एफआयआर नाही तर क्लेम नाही"

आपल्याच गेटच्या खांबाला बंपर घासला तर सहसा एफआयआर मागत नाहीत. कोणी जखमी असेल, दुसऱ्याचे नुकसान असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांचा कागद लागतोच. गुन्हा दाखल होण्याजोगे काही नसेल तरी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. गाडी सर्व्हेआधी दुरुस्त करू नका. आधीच केली असेल तर बिले, फोटो आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवा.

"चूक समोरच्याची, मग माझा विमा कशाला?"

२० नोव्हेंबर २०२२च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना ठोकरले. अशा वेळी स्वतःच्या नुकसानीचा विमा असलेल्याने न्यायाधिकरणाच्या निकालाची वाट पाहायची गरज नसते. तो आपल्या कंपनीकडून दुरुस्ती घेतो आणि कंपनी वाटल्यास समोरच्याच्या मागे लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असणाऱ्याला मात्र न्यायाधिकरणाचाच रस्ता उरतो.

"सांगितले की नो क्लेम बोनस गेला"

बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो आणि तो जातो क्लेम घेतल्यावर. नुसती खबर देऊन पैसे न घेतल्यास तो सहसा टिकतो. समजा तो हप्ता बारा हजार आहे आणि बोनस ५० टक्के, तर सहा हजार पणाला लागतात. चार हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम न घेणे शहाणपणाचे. पण दुसऱ्याला इजा झाली असेल तर हा हिशेब मांडूच नये.

"ठोकणारा पळाला, आता कोणाकडे मागणार?"

वाहन सापडलेच नाही तरी १ एप्रिल २०२२पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. वाहन सापडले तर न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण खटल्यात स्पष्ट केले आहे.

मिटवलेल्या अपघाताची अजून खबर दिली नसेल तर आजच द्या. ईमेलवर खरी तारीख, खरी वेळ, चालकाचे खरे नाव आणि उशिराचे खरे कारण लिहा. कंपनीने तरीही नकार दिला तर तो लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.