शेवटच्या खांबापर्यंतची वीज : लघुदाब वाहिन्यांवर एकदिश प्रवाह शक्य आहे काय?

रब्बीच्या दिवसांत गव्हाला पाणी देण्याची वेळ आली की माळव्यातील धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांतील विहिरींवरच्या आणि कूपनलिकांवरच्या मोटारी एकाच सुमारास सुरू होतात. रोहित्रापासून दूर, वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला मग उतरलेला दाब येतो. मोटर नुसता आवाज करते, पाणी चढत नाही, आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळते. देवासला तर 1990 मध्ये पिण्याचे पाणीही रेल्वेने आणावे लागले होते. अशा भागात खोल गेलेले पाणी उपसण्यास अधिक अश्वशक्तीच्या मोटारी लागतात आणि वाहिनीवरील भार वाढतो.

या अडचणीवर एक उपाय तज्ज्ञांच्या चर्चेत आहे. लघुदाब वाहिन्यांतून प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहाऐवजी एकदिश म्हणजे डीसी प्रवाह सोडावा, असा तो विचार होय.

एकदिश प्रवाह नवा नव्हे. संस्थानी काळातील लहान वीजघरे बहुधा याच प्रवाहाची असत, कारण बॅटरीत साठविता येते ती हीच वीज. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. त्यांच्याकडे सोपविलेल्या खात्यांत वीजघराचाही समावेश होता. पुढे रोहित्रामुळे दाब हवा तसा चढविता-उतरविता येऊ लागला आणि प्रत्यावर्ती प्रवाहाची सर्वत्र सरशी झाली. मुंबईची उपनगरी रेल्वे 1925 मध्ये 1500 व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावू लागली होती. तीही 2016 पर्यंत 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आली. मात्र लांब पल्ल्याच्या पारेषणात एकदिश प्रवाहच परत आला. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची 500 किलोव्होल्टची वाहिनी 1999 पासून त्याच तत्त्वावर चालते.

गावातील वाहिनीला याचा लाभ कसा होईल, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. आपण ज्याला 230 व्होल्ट म्हणतो तो सरासरी परिणाम दर्शविणारा आकडा आहे; प्रत्येक आवर्तनात दाब 325 व्होल्टपर्यंत चढतो, आणि तारेचे निरोधन तेवढे सोसण्याइतके असावेच लागते. त्याच दोन तारांवर सतत 325 व्होल्टचा एकदिश दाब ठेवल्यास काय होते ते पाहू. मोटारींच्या भारावर शक्तिगुणक 0.8 धरला, तर 10 अँपिअर प्रत्यावर्ती प्रवाहातून 1840 वॅट प्रत्यक्ष कामास मिळतात. एकदिश प्रवाहात तेवढ्याच कामास 5.66 अँपिअर पुरतात. तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. टोकाच्या खांबावरील दाबही त्या मानाने टिकून राहतो.

मग तारा तशाच ठेवून प्रवाह तेवढा बदलावा, असे कोणासही वाटेल. परंतु अडचण तारांत नसून तारांच्या दोन्ही टोकांना आहे.

रोहित्राचे कार्य बदलत्या चुंबकीय प्रवाहावर चालते. एकदिश प्रवाह त्यास चालत नाही. म्हणून त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक परिवर्तक बसवावा लागेल. रोहित्र म्हणजे तांबे-अॅल्युमिनियम, लोखंड आणि तेल; उन्हाळ्याचा ताप व वळवाच्या विजा ते बऱ्याच अंशी सोसते. परिवर्तक इतका सोशिक नसतो, आणि तो बिघडल्यास गावातला तारतंत्री दुरुस्त करू शकणार नाही. दुसऱ्या टोकाला शेतकऱ्याची तीन फेजची मोटर आहे. तिला फिरते चुंबकीय क्षेत्र लागते. एकदिश प्रवाह थेट जोडल्यास ती फिरणार नाही, जळेल. शिवाय प्रत्यावर्ती प्रवाहाचे मीटर एकदिश विजेची नोंद बिनचूक करीत नाहीत. फिनलंडमधील सुओमेन्निएमी येथे 2012 मध्ये 750 व्होल्टच्या दुहेरी एकदिश वाहिनीचा प्रयोग सुरू झाला. तेथेही ग्राहकाच्या दाराशी विजेचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर केले गेले, आणि ग्राहक होते अवघे चार.

यावरून धार-देवासच्या खांबांवरील वाहिन्या एकदम बदलणे व्यवहार्य दिसत नाही. बदलास अधिक योग्य जागा आहे ती घराच्या, शाळेच्या वा पंचायतीच्या आत. एलईडी दिवे, संगणक व भ्रमणध्वनी आतून एकदिश विजेवरच चालतात. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. मद्रास आयआयटीने 48 व्होल्टची घरगुती पद्धती विकसित केली आणि राजस्थानातील जोधपूर भागातल्या दुर्गम घरांत ती बसविण्यात आली. भारतीय मानक ब्यूरोने 2017 मध्ये 48 व्होल्टच्या वितरणासाठी आयएस 16711 हे मार्गदर्शक मानकही प्रसिद्ध केले. छतावर सौर पट्टी आणि खोलीत बॅटरी असलेल्या शाळेत दोनदा रूपांतर करून वीज वाया घालविण्याचे काही कारण उरत नाही.

शेतात तर एकदिश प्रवाह येऊन पोहोचलाच आहे. केंद्र शासनाच्या 2019 मधील कुसुम योजनेतून मिळणाऱ्या सौर पंपांच्या पट्ट्या एकदिश वीजच देतात, आणि एकामागे एक जोडलेल्या पट्ट्यांचा एकत्रित दाब कित्येकशे व्होल्ट होऊ शकतो. या विजेची तोडणी हा दक्षतेचा विषय होय. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून बटण बंद करताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाहाची ठिणगी विझत नाही. ती ज्योतीप्रमाणे टिकून राहते आणि बटण वितळविते. म्हणून सौर पंपाच्या पेटीत बाजारातील नेहमीचे स्विच किंवा फ्यूज बसवू नयेत. त्यावर डीसी असे स्पष्ट छापलेले असावे आणि छापलेला दाब पट्ट्यांच्या एकूण दाबापेक्षा कमी नसावा. पंप चालू असताना पट्टीची जोडणी हाताने ओढून सोडवू नये. आधी डीसी स्विच बंद करावा. त्यानंतरही पट्ट्यांवर ऊन असेपर्यंत त्यांच्या तारांत दाब असतो.