रुग्णवाहिका पायथ्याशीच थांबते
लेणी, गड आणि धबधब्यावर जाताना काय करावे, काय टाळावे



पावसाळा लागला की आपल्या वस्तीतली मुले एकेका मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून हरिहर, अंजनेरी, दुगारवाडीकडे निघतात. बुद्ध पौर्णिमेला आणि वर्षावासात घरची वडीलधारी माणसे, बायका, लेकरे टेम्पो करून त्रिरश्मी लेणीवर जातात. जायलाच हवे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला डोंगराची हवा औषधासारखी असते आणि लेणी तर आपला वारसाच आहे.

पण निघण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १०८ ची गाडी रस्ता जिथे संपतो तिथपर्यंतच येते. लेणीच्या पायऱ्या, हरिहरचा कातळ, दुगारवाडीचा ओढा तिला ओलांडता येत नाही. वर पडलेल्या माणसापासून खाली उभ्या असलेल्या गाडीपर्यंतचे अंतर सोबतच्या माणसांनाच सांभाळावे लागते. कधी ते अर्ध्या तासाचे असते, कधी चार तासांचे. तेवढा वेळ डॉक्टर आणि नर्स जे काही आहात, ते तुम्हीच. हा लेख त्या वेळेसाठी आहे.

आपली घरे हातावर पोट असलेली आहेत. कमावत्या मुलाचा पाय मोडला तर तीन महिने चूल कशी पेटायची, हा प्रश्न पडतो. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी.

प्रवाशाच्या जिवाची काळजी ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. त्रिरश्मीच्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणे कोरले, पाण्याच्या पोढी म्हणजे टाकी खोदली, असे त्यात नोंदले आहे. तापी, दमण, पारदा अशा नद्या लोकांना फुकट ओलांडता याव्यात म्हणून नावा ठेवल्या, हेही त्यात लिहिले आहे. चढणाऱ्याला पाणी आणि नदी ओलांडणाऱ्याला नाव, हा विचार सुमारे १९०० वर्षांपूर्वी याच डोंगरावर कोरला गेला. आपण तो फक्त पाळायचा आहे.

निघण्यापूर्वी

कुठे चाललो, कोण कोण सोबत आहे, पायथ्याचे गाव कोणते आणि परत किती वाजता येणार, हे घरी सांगा. परत फिरण्याची वेळ घरातूनच ठरवा. समजा दुपारी २ ची ठरवली, तर २ वाजता माथा दहा पावलांवर असला तरी मागे वळा. पावसाळ्यात ढग उतरले की चार वाजताच अंधारून येते आणि ओल्या कातळावर चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. पावसाळ्यात गर्दीच्या जागांवर प्रशासन आणि वन विभाग वेळोवेळी बंदी घालतात. ती आहे का, हे आदल्या दिवशी पाहून घ्या.

पायात गुळगुळीत तळाची चप्पल नको. महागडे बूट लागत नाहीत. तळाला खाचा असलेले साधे कॅनव्हासचे बूट चालतात. पाठीवरच्या पिशवीत या वस्तू ठेवा: माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, रोजच्या गोळ्या, दोन स्वच्छ सुती कापडे, बॅटरी, शिट्टी आणि एक जुनी सुती साडी. ही साडी झोळीला, पट्टीला, सावलीला, सगळ्यालाच उपयोगी पडते.

बीपी, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि साखर किंवा गूळ खिशात ठेवावा. आपल्या समाजात, विशेषतः विदर्भ-खानदेशातून आलेल्या घरांत, सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि गार पाण्यात भिजणे, या तिन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला घरी बसवून ठेवू नका. त्याला सोबत न्या, पण वारंवार पाणी पाजा, सावकाश चालवा आणि धबधब्याखाली उभे करू नका. हातपाय किंवा छाती दुखू लागली तर लगेच परत फिरा.

उन्हात लेणी चढताना

बुद्ध पौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते. सकाळी ९ च्या आत चढून उतरणे सर्वांत बरे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. प्रमाण नीट मोजा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत बसवा आणि हे पाणी थोडे थोडे पाजा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काख आणि जांघेत ओली कापडे ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाते.

मोहोळ उठले तर

लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळे लागतात. धूर, फटाके, दगड मारणे आणि उग्र अत्तर यांनी ती उठतात. मोहोळाखाली अगरबत्तीचा पुडा पेटवू नका आणि मुलांना दगड मारू देऊ नका. आपल्या कार्यक्रमांतले पांढरे कपडे इथे कामाचे आहेत. माश्या गडद रंगावर जास्त धावतात.

माश्या अंगावर आल्याच तर हात झटकू नका. पदराने, शालीने डोके आणि तोंड झाका आणि तिथून लांब जा. पायऱ्यांवर पळू नका, कठडा धरून उतरा. मिळाल्यास खोलीत किंवा गाडीत शिरून दार-खिडक्या बंद करा. अंगात रुतलेला काटा नखाने लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास घेताना शिटीसारखा आवाज आला, अंगभर गांधी उठल्या किंवा भोवळ आली, तर ही जिवावरची ॲलर्जी आहे. तिथे घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. त्याला ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. खूप ठिकाणी डंख झालेल्या लहान मुलाला तो बरा दिसत असला तरी दवाखान्यात दाखवा.

पाणी आणि वीज

ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर गेलेले वीसहून अधिक जण ओढ्याला अचानक पूर आल्याने पलीकडे अडकले. बचाव पथकांनी अंधारात त्यांना बाहेर काढले. एक जण वाहून गेला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुले होती. दोन्हीकडे लोक सहलीला आले होते आणि पाणी काही क्षणांत वाढले.

याचे कारण समजून घ्या. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वरच्या डोंगरावर पाऊस पडत असतो. ते पाणी एकदम खाली येते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की एक क्षणही न थांबता उंचावर जा. मोबाइल काढू नका, चपला शोधू नका. पलीकडे अडकलात तर तिथेच उंच जागी बसून राहा. रात्र काढावी लागली तरी चालेल. बहुतेक वेळा पाऊस थांबला की ओढा काही तासांत उतरतो. जोराचे पाणी गुडघ्याएवढे असले तरी माणसाला पाडते. कोणी वाहून जात असेल तर मागे उडी मारू नका. दोर, साडी किंवा लांब काठी फेका. पोहता येणारा माणूसही अशा पाण्यात बुडतो.

ढग गडगडले की माथा सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आणि रेलिंग यांपासून दूर राहा. लेण्याच्या तोंडाशी उभे राहणे सुरक्षित वाटते, पण उथळ गुहेचे तोंड विजेच्या वेळी धोक्याचे असते. लेणे खोल असेल तर आत, भिंतीला न टेकता बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघा.

हरिहरच्या पायऱ्यांवर

हरिहरच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. बाजूला हात रुतवण्यासाठी खोबण्या आहेत, त्यांचा उपयोग करा. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन घट्ट. उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, शिडी उतरतो तसे. पायऱ्यांवर सेल्फी नको, ढकलाढकली नको. वरच्याचा पाय घसरला तर तो खालच्यांनाही घेऊन जातो, म्हणून मध्ये अंतर ठेवा. खाली गर्दी दिसली तर त्या दिवशी चढू नका. गड कुठे जात नाही.

कोणी पडले तर

कॅज्युअल्टीत काम करताना मी अशी मुले पाहिली आहेत, ज्यांना मित्रांनी हातपाय धरून पोत्यासारखे उचलून आणले होते. मित्रांची माया खरी होती, पण मणक्याला मार असेल तर अशा उचलण्यानेच माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नका. त्याची मान हाताने स्थिर धरा आणि मदत येईपर्यंत तिथेच ठेवा. वरून दगड येत असतील किंवा पाणी वाढत असेल तरच हलवा. तेव्हाही चार-पाच जणांनी मिळून डोके, मान, कंबर एका रेषेत ठेवून हलवा. बेशुद्ध माणसाला उलटी होत असेल तर तसेच एका रेषेत कुशीवर वळवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबा. मध्ये उघडून पाहू नका. हळद, चुना, माती भरू नका. हाड मोडले असेल तर मालीश नको, ओढाताण नको. आहे त्या स्थितीत काठीला आणि ओढणीला बांधा. बोटे गार किंवा निळी पडली तर बांधलेले सैल करा.

साप चावला तर घट्ट आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. चावलेला भाग काठीला बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका, झोळीतून आणा. साप मारण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते.

फोनवर काय सांगायचे

१०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ वर पोलीस, अग्निशमन अशी सर्व मदत मिळते. गिर्यारोहकांच्या बचाव संस्थाही नाशिकमध्ये आहेत. त्यांचे क्रमांक निघण्याआधीच नोंदवून घ्या. फोनवर घाबरून ओरडू नका. डोंगराचे नाव, पायथ्याचे गाव, किती जण जखमी, काय झाले, शुद्ध आहे का आणि तुमचा नंबर, एवढे सांगा. मग एका माणसाला रस्त्यावर गाडीची वाट पाहायला पाठवा. रेंज नसेल तर दोघांना खाली पाठवा, जखमीला एकटे सोडू नका. शिट्टी किंवा बॅटरीने मिनिटाला सहा वेळा खूण करा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करा.

पायथ्याच्या पाड्यातल्या माणसांना सर्वांत आधी हाक मारा. वाटा, ओढे त्यांना माहीत असतात आणि बहुतेक वेळा तेच आधी पोहोचतात. वर चढतानाच त्यांच्याकडे पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि एकाचा फोन नंबर घ्या. आपण वर आहोत हे कोणाला तरी माहीत राहते.

बिल येईल किंवा पोलीस केस होईल म्हणून जखमीला घरी लपवून ठेवू नका. अपघाताची नोंद रुग्णालय करते, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. साडीची झोळी कशी बांधायची, मान कशी धरायची, दोघांनी मिळून माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हे एकमेकांवर करून पाहा. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना किंवा आशाताईंना बोलवा, त्या आनंदाने येतील. हाताने एकदा केलेले डोंगरावर आठवते, नुसते वाचलेले आठवत नाही.