मुक्तद्वार मेळावा

‘मुक्तद्वार’ हा शब्द मराठीत बहुधा पंगतीच्या संदर्भात येतो. ज्या पंगतीत येणाऱ्याला ‘तुम्हांला बोलावले कोणी?’ असे विचारले जात नाही आणि उठणाऱ्याकडून मोबदल्याची अपेक्षा केली जात नाही, ते मुक्तद्वार भोजन. भुकेल्याला अन्न मिळावे म्हणून आपल्या समाजाने ही रीत घालून दिली. परंतु परमुलखात राहणाऱ्या माणसाला आणखी एक भूक असते. आपल्या भाषेत चार शब्द बोलावेत आणि ते कोणी आपुलकीने ऐकावेत, ही ती भूक होय. ती भागविण्यासाठी जे मेळावे भरतात तेही मुक्तद्वार असावेत, हे तत्त्व सर्वांना मान्य असते. ते व्यवहारात आणावे कसे, ह्याचा विचार मात्र क्वचितच होतो. छत्तीसगडमधील रायपूर शहराचे उदाहरण समोर ठेवले, तर हा विचार नेमकेपणाने करता येईल.

रायपूरचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत ह्यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर स्वारी केली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले ह्यांनी छत्तीसगडचा कारभार प्रत्यक्ष पाहावयास आरंभ केला. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. परंतु १८६१ मध्ये जो मध्यप्रांत निर्माण झाला त्याची राजधानी नागपूरच राहिली आणि रायपूरचे वकील, शिक्षक व कारकून ह्यांचे पाय नागपूरकडेच वळत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. घरे जेथल्या तेथे राहिली आणि त्यांच्यामधून सीमारेषा गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण होऊन रायपूर त्याची राजधानी झाले.

ह्या इतिहासामुळे रायपुरात मराठी माणसांचे निरनिराळे थर साचले आहेत. पहिला थर जुन्या घराण्यांचा. छत्तीसगडीत मोहल्ल्याला ‘पारा’ म्हणतात. शहरातील तात्यापारा ह्या नावात मराठी आणि छत्तीसगडी अशा दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. ह्या घरांतील मराठीही तशीच, हिंदी-छत्तीसगडीच्या वळणाची असते. दुसरा थर रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या निमित्ताने आलेल्यांचा. तिसरा थर बँका, कारखाने आणि कंपन्या ह्यांतून बदली होऊन येणाऱ्यांचा; ही मंडळी दोनतीन वर्षे राहतात आणि निघून जातात. शहरात स्वातंत्र्यापूर्वीच स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे आणि १९८१ साली गंगाधर गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. तात्पर्य, उत्साहाची किंवा संस्थांची वाण नाही. तरीही मोठ्या उत्सवाच्या गर्दीत नवखे कुटुंब एका कडेला उभे राहून परत जाऊ शकते. उत्सवाला प्रेक्षक लागतात. ओळखीला मात्र लहान आणि वारंवार भरणारी बैठक लागते.

अशी बैठक भरविण्याचे पहिले सूत्र म्हणजे दिवस ठरलेला असणे. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यास सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला तिच्या ऋतूनेच ओळखली जाते. तोच न्याय लहान मेळाव्यालाही लागू आहे. ‘महिन्याचा दुसरा रविवार, सायंकाळी साडेसहा’ एवढे एकदा ठरले की निमंत्रणाचे निम्मे काम होते. ज्याला कोणी बोलाविलेले नाही त्यालाही कोठे व केव्हा जावयाचे ते कळते. उलट, दर वेळी सोयीनुसार दिवस बदलला तर बातमी ओळखीच्यांतच फिरते आणि दार कोणी बंद न करताही बंद होते. रायपुरात वैशाखातील दुपार घराबाहेर पडण्याजोगी नसते. म्हणून वेळ संध्याकाळचीच हवी, आणि ती बाराही महिने तीच हवी.

दुसरे सूत्र स्थळाचे. एखाद्याचा प्रशस्त दिवाणखाना फुकट मिळतो हे खरे. परंतु अनोळखी घराची घंटा वाजविण्याचे धैर्य प्रत्येकाला होत नाही. शाळेची खोली, वाचनालय किंवा देवळाचा सभामंडप ही स्थळे अधिक बरी. देवळाच्या मंडपात येण्यास ज्यांना संकोच वाटेल अशी माणसे समाजात असतील, तर शाळेची खोलीच निवडावी. वृद्धांना जिने चढावे लागू नयेत आणि वाहन नसलेल्यालाही पोहोचता यावे, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. नवख्या माणसाचे भवितव्य पहिल्या पाव तासात ठरते. तो दारात आला तेव्हा दहा जण आपापसांत रंगून बोलत असतील आणि कोणी मान वर करून पाहणार नसेल, तर पुढला कार्यक्रम कितीही चांगला असो, तो माणूस पुन्हा येत नाही. म्हणून एका व्यक्तीकडे त्या दिवशी दुसरे कोणतेही काम न सोपविता केवळ दाराशी उभे राहण्याचे काम द्यावे. तिने नवख्याला आत आणावे, आणखी दोघांशी त्याची गाठ घालून द्यावी आणि मग पुन्हा दाराशी जावे. खुर्च्या ओळीने न मांडता वर्तुळात मांडाव्यात, म्हणजे मागची रांगच उरत नाही.

ह्याच पाव तासात आणखी एक अपघात होतो. दोन मराठी माणसे भेटली की आडनाव काय, मूळ गाव कोणते, असे प्रश्न सहज निघतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण उत्तर देणाऱ्याला पुष्कळदा वाटते की आपली जात चाचपून पाहिली जात आहे. आणि हे वाटणे निराधार असते असे म्हणता येत नाही. म्हणून परिचय नावाने व आवडीने व्हावा. आडनाव ज्याने त्याने हवे तर सांगावे. हळदीकुंकवाचेही तसेच. घरोघर चालणारे हे विनामूल्य संमेलन स्त्रियांना मोठा आधार देते. परंतु जुन्या रूढीने विधवेला त्याच्या बाहेर ठेवले. ज्या मेळाव्यात एकीला वाण मिळते आणि दुसरीने मागे सरावे लागते, तो मुक्तद्वार नव्हे. तिळगूळ सर्वांच्याच हातावर पडला पाहिजे.

चौथे सूत्र भाषेचे. तिसऱ्या पिढीतील मुलगा मराठी बोलताना अडखळतो, हिंदी क्रियापद वापरतो आणि ज्येष्ठ मंडळी हसतात. हसणे निर्मळ असते, पण मुलगा गप्प होतो. पुढल्या महिन्यात तो घरीच राहतो आणि त्याच्याबरोबर एका घरातील मराठीही मागे राहते. चूक सुधारावयाची असेल तर तोच शब्द योग्य रूपात आपल्या उत्तरात वापरावा, एवढे पुरते. मराठी घरात आलेल्या हिंदी किंवा छत्तीसगडी भाषक सुनेसाठी आणि जावयासाठी मधूनमधून दोन वाक्ये हिंदीत सांगण्याने मराठीचे काही कमी होत नाही.

पाचवे सूत्र पैशाचे. ‘विनामूल्य’ ह्याचा अर्थ खर्चच नाही असा नव्हे. येणाऱ्यावर त्याचे ओझे नाही, एवढाच आहे. चहा, दिवाबत्ती, झाडलोट ह्यांचा खर्च कोणीतरी करतोच. तो एकाच उदार गृहस्थाने केला तर मेळावा हळूहळू त्याचा होतो. म्हणून पेटी ठेवावी, पण ती येण्याच्या दाराशी नव्हे, निघण्याच्या वाटेवर. कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांना वाचून दाखवावा. खाण्याचा एकच जिन्नस असावा. एका यजमानाने श्रीखंड आणले, दुसऱ्याने त्यावर बासुंदी चढविली, की तिसरे घर, ज्याला पोहेच परवडतात, आपली पाळी येण्यापूर्वीच येणे थांबविते.

शेवटी कार्यकर्त्यांविषयी. पहिल्या बैठकीला आठच माणसे आली तरी ती पूर्ण भरवावी. सूत्रे दरवर्षी नव्या हाती द्यावीत, कारण बदलीच्या गावी आजचा चिटणीस उद्या नसतो. आणि जो सलग दोनदा आला नाही त्याची विचारपूस करावी; हजेरीचा जाब म्हणून नव्हे, तर घरात आजारपण नाही ना एवढे पाहण्यासाठी.

असे मेळावे शेजाऱ्यांपासून वेगळे राहण्यासाठी आहेत काय, असा प्रश्न कोणी करील. छत्तीसगडच्या मराठी माणसांनी त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. माधवराव सप्रे ह्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि गीतारहस्य हे मराठीतील ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेले. घरची भाषा जपणे आणि शेजारच्या भाषेची सेवा करणे ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही. ह्याच मुलखात ‘मितान’ जोडण्याची चाल आहे. जातीपातीची वेस ओलांडून दोन माणसे विधिपूर्वक मैत्र स्वीकारतात आणि मग दोन्ही घरे एकमेकांची सुखदुःखे सख्ख्या नात्याप्रमाणे वाहतात. परक्याला आपला करण्याचा असा पाठ जेथे शेजारीच मिळतो, तेथे मराठी मेळाव्याने दार अर्धवट उघडे ठेवण्याचे कारण नाही. एक ठरलेला दिवस, एक साधी खोली आणि दाराशी उभा असलेला एक माणूस, एवढ्या भांडवलावर आरंभ करता येतो.