बेटावर रेंज आली, पण...

घारापुरी म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात. शाळेची सहल, गेटवेवरून लाँच, तासाभरात बेट आणि खाऊ हिसकावणारी माकडं! त्या पायऱ्यांच्या कडेला कैऱ्या-काकड्या विकणाऱ्या बायका राहतात कुठे, हे मात्र मीही कधी विचारलं नव्हतं.

शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही बेटावरची तीन गावं. तालुका उरण. समोर मुंबईचा झगमगाट, पण इथे समुद्राखालून ७.५ किलोमीटर केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार.

आमच्या महिला मंडळातर्फे ऑगस्टमध्ये तिथे गेले, तेव्हा एक सून भेटली. आठवा महिना, आणि बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हणत होती. म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा. दिवसा दुकान, रात्री मोबाईलवर धडे. मोबाईल घरात एकच, तोही नवऱ्याचा. तो कामावर गेला की अभ्यासही त्याच्याबरोबर लाँचने जातो! हसू नका मैत्रिणींनो, आपल्याकडे तरी वेगळं काय आहे?

जुलैत तिच्या पायांना सूज आली, डोकं ठणकायला लागलं. नवरा नेमका घरी होता म्हणून ई-संजीवनी लावता आली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरबसल्या सुरू झालेली ही सरकारची मोफत सेवा. नंबर टाकला की ओटीपी येतो, टोकन मिळतं, मग पडद्यावर डॉक्टर. औषधाची चिठ्ठीसुद्धा मोबाईलवरच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘बीपी मोजून घ्या आणि आजच दवाखाना गाठा.’’

सल्ला अगदी बरोबर. पण घरात बीपीचं मशीन नाही, बेटावर रुग्णालय नाही आणि समुद्र खवळल्यामुळे लाँच बंद. संध्याकाळी वारा पडल्यावर दिराने ओळखीची होडी काढली. बीपी वाढलेलंच निघालं. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले.

डॉक्टर दिसले नसते तर ‘गरोदरपणात पाय सुजतातच’ म्हणून सगळे गप्प बसले असते, हेही खरं. म्हणून मला ही सेवा हवीच आहे. पण तिच्या जोडीला बीपी मोजणारं कोणीतरी आणि पावसाळ्यातही निघणारी बोट नको का? ई-संजीवनीतच आरोग्य केंद्रातल्या ताईंनी पेशंटला शेजारी बसवून मोठ्या डॉक्टरांशी बोलायची सोय आहे. बेटांवर खरी गरज तिची आहे.

पुढच्या खेपेला आम्ही बीपीचं मशीन नेलं, तिन्ही गावांतल्या दोघी-दोघींना शिकवलं. परीक्षेचा विषय निघाला तर सून म्हणाली, ‘‘बाळाला आई बघतील.’’ सासूबाई काकड्या चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘बघीन गं. पण पेपर उरणला की मुंबईला, ते आधी विचार!’’