टाकी साफ करणारा मासा

मनमाडात घर बांधायचं तर आधी टाकीचा विचार, मग स्वयंपाकघराचा. वागदर्डी धरणात पाणी किती उरलं, पालखेड कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर इथली सगळी गणितं. एकदा नळ येऊन गेला की पुढचे कित्येक दिवस जमिनीखालच्या टाकीवर काढायचे. इतके दिवस साठलेल्या पाण्यात टाकीच्या भिंतींना बुळबुळीत थर धरतोच. परवा शेजारच्या काकांनी त्यावर तोडगा काढला : "फिशटँकच्या दुकानातून एक सकर आणून टाकीत सोडतो. भिंती चाटून लख्ख करतो म्हणे."

काकांचा दोष नाही. दुकानदारही त्याला 'टँक क्लीनर' म्हणूनच विकतात. हा मासा काचेला चिकटून शेवाळ खरवडतो, हे खरंच आहे. पण शेवाळाला उजेड लागतो आणि झाकण घातलेल्या टाकीत अंधार असतो. तिथला थर बहुतेक गाळाचा आणि जिवाणूंचा. तेवढ्यावर सकरचं पोट भरत नाही. तो हळूहळू खंगतो. बरं, जे खाल्लं ते बाहेरही येणारच. घरात सकर पाळलेल्या कोणालाही विचारा, त्याच्या मागे दिवसभर दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असते. पिण्याच्या पाण्यात ही सफाई कोणाला हवी आहे? आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत गप्पी सोडतात ती डासांच्या अळ्या खाण्यासाठी, भिंती घासण्यासाठी नव्हे. काकांनी दोन्ही माशांची कामं एकत्र केली होती.

दुकानात दोन बोटांएवढा दिसणारा हा मासा 'एवढाच राहतो' असंही सांगितलं जातं. टेरिगोप्लिक्थिस या वंशातले सकर नीट खायला मिळालं तर हातभर लांब होतात आणि दहा वर्षांहून जास्त जगतात. भांडं लहान असलं की मासा लहानच राहतो ही समजूत म्हणजे लहान चपला घातल्या की पोराचे पाय वाढत नाहीत, असं म्हणण्यासारखं आहे.

याच्या अंगावर असतात ते खवले नव्हेत. रोहू-कटल्याचे खवले सुरीने निघतात. याच्यावर सुरी घसरते. कातडीत घट्ट बसलेल्या हाडाच्या पट्ट्यांच्या ओळी असतात, कौलांसारख्या एकीवर एक. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं खरखरतं, कारण त्या पट्ट्यांवर बारीक दात असतात. दात ही उपमा नाही. आपल्या दातांत असतं तसंच डेंटिन त्यांत असतं. लॅटिनमध्ये चिलखताला 'लोरिका' म्हणतात, त्यावरून या कुळाचं नाव पडलं लोरिकॅरिइडी. मूळ घर दक्षिण आणि मध्य अमेरिका, आणि जाती हजाराच्या वर. छोटे गोंडस कोरीडोरासही चिलखतवालेच, पण त्यांचं कूळ वेगळं, आणि त्यांचं तोंड चिकटणारं नसतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते याच्या पोटाचं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की सकर वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि ती हवा जठरात मुरवतो. जठराची भिंत पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली. तीच फुप्फुसाचं काम करते. म्हणून गटारासारख्या पाण्यातही तो तगतो, आणि काठावर फेकला तरी अंग ओलं असेपर्यंत कित्येक तास जिवंत राहतो. 'मेला असेल' म्हणून सोडून गेलेला सकर पुन्हा पाण्यात पोचू शकतो.

हे चिवटपण उजनीत महागात पडतंय. भीमेवरच्या या जलाशयात गेली काही वर्षं कोळ्यांच्या जाळ्यांत सकर येतो. ताठ केलेले काटे जाळ्यात असे अडकतात की मासा सोडवण्यापेक्षा जाळं कापणं सोपं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. त्यावरून 'राक्षसी मासा', 'इतर मासे खाऊन टाकतो' अशा गोष्टी पसरल्या. पण खरवडून खाणाऱ्या तोंडाने धावता मासा पकडता येत नाही. तो खातो गाळ, शेवाळ, कुजका पाला. त्यासोबत दुसऱ्या माशांची अंडीही जातात. नुकसान होतं ते वाटणीतून : जे चिलापीने खायचं ते हा संपवतो. (चिलापीही मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली; म्हणजे तक्रार एका पाहुण्याची दुसऱ्या पाहुण्याविरुद्ध आहे.) शिवाय नर मातीच्या काठात बिळं खणून अंडी राखतो. बिळं वाढली की काठ ढासळतात.

विषारी? नाही. अमेझॉनच्या काठावर लोक तो चवीने खातात. मात्र चिलखत काढल्यावर हाती मांस थोडंच लागतं, आणि सांडपाण्यातल्या माशात जड धातू साचू शकतात. थाई मांगूर तो हा नव्हे. मांगूर गुळगुळीत अंगाचा, मांसाहारी, आणि पाळायला बंदी असलेला. दोघेही कॅटफिश, म्हणून बातम्यांत फोटो अदलाबदल होतात.

सकर इथल्या पाण्यात पोचला तो फिशटँकमधून. मासा मोठा झाला, मारवत नाही, म्हणून पुण्य समजून तळ्यात सोडला. 2020 मध्ये वाराणसीला गंगेतही तो सापडला.

काकांनी शेवटी विचारलंच, "समजा आणला आणि वाढला, तर वागदर्डीत सोडता येईल ना?" मी म्हटलं, दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेल्या कोणाला तरी, धरणात मुळीच नाही. आणि टाकीसाठी? नळ यायच्या आदल्या दिवशी तळ उघडा पडतोच. तेव्हा काथ्याचा ब्रश घेऊन आत उतरायचं. काकांचे गुडघे दुखतात, म्हणून या खेपेला मी उतरणार आहे.