भाताला रात्र कशी कळते?

शहापूर-मुरबाडकडे भाताची जात विचारली की हळवी, निमगरवी की गरवी, हेही सांगितले जाते. हळवे भात साधारण ११५ दिवसांच्या आत तयार होते, गरव्याला सुमारे १३५ किंवा त्याहून अधिक दिवस लागतात. हळवे उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात. गरवे सखल, ओल धरणाऱ्या खाचरात. वरकस उतारावर नाचणी, वरी. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, पण त्यांचे पाणी मुंबई पिते आणि इथली बहुतेक खाचरे पावसावरच असतात. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली तर हळवे बरेचसे हाती लागते. पाऊस लांबला तर कापून पसरलेल्या हळव्याला मोड येतात, हिरवे गरवे मात्र तग धरू शकते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरच्या पावसाने कापणीला आलेल्या भाताची अशीच नासाडी केली. सगळी खाचरे एकाच जातीची असली, की सगळे एकदमच जाते.

जुन्या गरव्या जातींची आणखी एक गंमत आहे. त्यांतल्या बऱ्याच जाती रात्रीची लांबी ओळखतात! आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. रात्र पुरेशी मोठी झाली की पानांत एक प्रथिन तयार होते. ते शेंड्याकडे जाते आणि तेथे पानांऐवजी लोंबी घडू लागते. त्यामुळे पेरणी पंधरा दिवस लांबली, तरी भात निसवण्याची वेळ फारशी हलत नाही.

१९६६ मध्ये आलेल्या आयआर-८ सारख्या बुटक्या जातींत हा गुण नाही. कोणत्याही हंगामात पेरता याव्यात म्हणून तशाच जाती निवडल्या गेल्या. त्यांनी उत्पादन वाढवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे दिवस पेरणीपासून मोजले जातात. पाऊस उशिरा आला की निसवणेही मागे सरकते आणि दाणा भरायच्या वेळी खाचर कोरडे पडते. त्यात फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकण निकामी होऊन दाणे पोचट राहतात.

वर्गात हे करून पाहता येईल. गावातल्या जुन्या गरव्या भाताचे बी मिळवा. दोन कुंड्यांत पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. शेजारी दुकानातल्या बियाण्याच्या तशाच दोन कुंड्या ठेवा. पहिली लोंबी बाहेर पडल्याची तारीख मुलांनी वहीत लिहावी. कुंड्या शाळेच्या दिव्याखाली मात्र ठेवू नका. रात्रभर उजेड मिळाला तर गरवे भात वेळेवर निसवणारच नाही.